अनू, सबमिट करायच्या आधी हे वाच

एडिसन, 8 फेब्रुवारी 2026

प्रिय अनू,

यंदा टॅक्स तुझा तूच भरणार म्हणालीस, मला खूप बरं वाटलं, बाबालाही. पण रूममेटचं झालं म्हणून तूही आज रात्री घाईघाईत सबमिट करून मोकळी होऊ नकोस, त्यातल्या एका प्रश्नावर आपल्या सगळ्यांचंच अडकलेलं असतं, म्हणून फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच पाठवते.

तुला सुरुवातीलाच विचारतील की दुसरं कोणी तुम्हाला डिपेंडंट म्हणून क्लेम करू शकतं का, म्हणजे आपल्यावर अवलंबून असल्याचं स्वतःच्या टॅक्स रिटर्नवर दाखवू शकतं का. उत्तर हो. प्रश्न 'करू शकतं का' असा आहे, 'करणार का' असा नाही. तू 24 च्या आतली, फुल-टाइम शिकतेस, तुझा अर्ध्याहून जास्त खर्च तू स्वतः उचलत नाहीस (स्कॉलरशिप त्यात धरत नाहीत), आणि डॉर्ममध्ये राहतेस तरी नियमाने ते आपल्याच घरी राहणं धरतात. नाही म्हणालीस तर आमचं ई-फाइल रिजेक्ट होऊ शकतं आणि मग तुला 1040-एक्स भरून दुरुस्ती करत बसावं लागतं. इथल्या एका मैत्रिणीकडे हेच झालं, मुलाने फेब्रुवारीतच भरून टाकलं आणि हिला एप्रिलमध्ये रिजेक्टची ईमेल. शिवाय तुझ्या ट्यूशनवरचं अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट, 2,500 डॉलरपर्यंत मिळतं ते, तू आमची डिपेंडंट असलीस तर आम्हालाच घेता येतं, तुला नाही. तेच पैसे तुझ्या पुढच्या सेमिस्टरला जातात गं.

आता रूममेट जे म्हणाली ना, की स्वतःचा टॅक्स भरला की फॅफ्सामध्ये, म्हणजे कॉलेजसाठीच्या सरकारी मदतीच्या फॉर्ममध्ये, आपण इंडिपेंडंट होतो आणि पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) मिळते, ते साफ चूक आहे. आम्ही तुला क्लेम केलंच नाही तरीसुद्धा फॅफ्सासाठी तू डिपेंडंटच. तिथले नियमच वेगळे, 24 वर्षं पूर्ण, लग्न झालेलं, मास्टर्स किंवा पीएचडी करणारी, आर्मीत असलेली, आईवडील नसलेली, असं काही असेल तरच. कोणाच्या रिटर्नवर कोणाचं नाव आहे ते बघतच नाहीत. हे मी इतकं ठासून सांगते कारण आपल्या ग्रुपमध्येही दर वर्षी कोणीतरी हेच फॉरवर्ड करतं.

आणि हे वर्ष महत्त्वाचं का, तर फॅफ्सा दोन वर्षं मागचा टॅक्स बघतो. येत्या वर्षाचा, 2026-27 चा, आपण भरला तो 2024 वर गेला. तू आता 2025 चं जे भरशील ते 2027-28 ला, म्हणजे तुझ्या सीनियर इयरला, शेवटच्या वर्षाला, जाणार. आयआरएसकडून, म्हणजे टॅक्स खात्याकडून, आकडे थेट तिकडे जातात, पण त्याला तुझी आणि आमची दोन्ही संमती लागते, एकानेही दिली नाही तर फेडरल मदत बंद. त्यामुळे आत्ताच आकडे नीट असलेले बरे.

आता डब्ल्यू-2, म्हणजे कामावरून मिळालेले पगार आणि कपातीचे फॉर्म, समोर घे. इंटर्नशिपचा बघ, बॉक्स 1 मध्ये 7,800, बॉक्स 2 मध्ये फेडरल टॅक्स कापलाय 610. बॉक्स 4 आणि 6 मध्ये सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, ते परत मिळत नाही. लायब्ररीच्या डब्ल्यू-2 वर हेच दोन बॉक्स रिकामे दिसतील, घाबरू नकोस, आपल्याच कॉलेजात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढी सूट असते. दोन्ही मिळून 10,400, आणि 2025 ची टॅक्स न लागण्याची मर्यादा 15,750, म्हणजे इन्कम टॅक्स शून्य. पण मराठी शाळेतल्या मुलांना गणित शिकवून 600 मिळवलेस ना, ते कोणी फॉर्म दिला नाही म्हणून सोडायचे नाहीत. स्वतःच्या कामातून 400 किंवा जास्त उरले की रिटर्न भरावंच लागतं, इन्कम टॅक्स नसला तरी त्यावर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे साधारण 85 डॉलर जातील, आणि बाकीचा कापलेला टॅक्स, 525 च्या आसपास, परत येईल. ते तुझे, आम्हाला नकोत.

तुझी कमाई मदतीत आड येईल ही भीती काढून टाक. फॅफ्सामध्ये विद्यार्थ्याची साधारण साडेअकरा हजारांपर्यंतची कमाई सोडून देतात, त्यावरच्याचं निम्मं धरतात. खरा फरक बँकेतल्या पैशाचा, तुझ्या नावावरच्याचे 20 टक्के धरतात आणि आमच्या नावावरच्याचे फार तर 5.64 टक्के. आजीने दिलेल्या पैशांचं त्यामुळे काय करायचं ते बाबाशी बोल.

1098-टी, कॉलेजने दिलेला ट्यूशन-स्कॉलरशिपचा फॉर्म, सध्या मला पाठव. स्कॉलरशिप ट्यूशन, फी, पुस्तकांपेक्षा जास्त झाली आणि राहण्या-जेवणाला गेली तर तेवढी तुझ्या उत्पन्नात येते, ते मी बघते.

आणि कोथरूडचा फ्लॅट. तुला कोणीतरी म्हणालं ना की इंडियातलं इथे कोणाला कळतंय. आपण राहतो ते घर फॅफ्सात मोजत नाहीत, पण तो फ्लॅट मोजतात, त्याचं भाडं आपल्या इथल्या टॅक्सवरही असतं, इंडियातल्या बँकेतल्या एनआरई एफडीचं व्याजसुद्धा. आपण ते सगळं दाखवतो आणि त्याने मदत थोडी कमी मिळते, तरीही मला त्यात काही बदलायचं नाहीये. फॉर्मवर सही तुझी असते अनू, जाणूनबुजून खोटं लिहिलं तर 20,000 डॉलरपर्यंत दंड आहे, तुरुंगही होऊ शकतो, आणि थोड्याशा ग्रँटसाठी विसाव्या वर्षी तुझ्या सहीखाली खोटं मी येऊ देणार नाही.

आयआरएसच्या फ्री फाइलमधूनच भर, कुठेही पैसे देऊ नकोस. स्टेट रिटर्न विसरू नकोस, न्यू जर्सीनेही कापलेत. सगळं भरून झालं की ड्राफ्टची पीडीएफ पाठव, मी रविवारी शांतपणे वाचते, मग तू सबमिट कर, 15 एप्रिलला वेळ आहे अजून. रिफंडसाठी अकाउंट नंबर दोनदा तपास.

जेवतेस ना नीट?

आई