पूर्व भागातल्या अण्णांना, माझ्या पोरीच्या हातात रॅम दिल्याबद्दल

अण्णा, नमस्कार.

नाव टाकू नका म्हणून तुम्ही बजावलंय त्यामुळं टाकत नाही, पण गप्प पण बसवत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बोळातलं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं, दोन माणसं बसली की भरणारं दुकान ज्याचं आहे त्याला बरोबर कळेल.

लॅपटॉप तुम्हाला आठवत असेलच. मेव्हण्यानं दिलेला, २०१३ चा, थर्ड जनरेशन आय थ्री, ४ जीबी रॅम. पोरगी बीसीएला लागली तेव्हा घरात तेवढाच होता. चालू करायचं, चहा ठेवायचा, चहा पिऊन व्हायचा तरी हा अजून गोल गोलच फिरतोय, आणि उन्हाळा लागला की मधेच आपोआप बंद. प्रॅक्टिकलचा प्रोग्राम अर्धा लिहून झालेला आणि स्क्रीन काळी. पोरगी रडायची नाही, नुसती बसून राहायची, ते बघवायचं नाही.

तुमच्याकडं यायच्या आधी जिथं जिथं गेलो त्यांची नावं घेत नाही. एका मोठ्या एसीच्या दुकानात तर काउंटरवरच्या माणसानं झाकणसुद्धा उघडलं नाही आणि सांगितलं मदरबोर्ड गेलाय, भंगारात घाला, आणि असंही विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ह्याच्यावर इलेव्हन चढत नाही. आता इलेव्हनचं खरंच होतं, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असला तर आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर लागतो, हे तुम्ही पण सांगितलंत. पण एका खऱ्या गोष्टीच्या आडून एक खोटी गोष्ट खपवायची आणि समोरच्याला ४० हजाराचा नवीन माल दाखवायचा, ह्याचा मला अजून राग येतो. आणि त्याहून जास्त राग कशाचा, तर पोरीनं विचारलं, "सर, रॅम वाढवली तर चालेल का?" तर तो माणूस तिच्याकडं न बघता मला म्हणतो, बजेट किती आहे तुमचं. प्रश्न तिचा, कॉलेज तिचं, आणि ती तिथं उभीच नाही असं वागणं.

तुम्ही हातात घेतल्या घेतल्या पहिलं विचारलंत, "घराखाली लूम आहे का?" आहे की, खाली पॉवरलूम आहे, दिवसभर खडखडाट. मागचं झाकण काढलंत, पंख्याच्या पुढं जी बारीक जाळी असते तिच्या तोंडाशी सुताची लव बसून बसून पट्टीच तयार झालेली, चिमट्यानं ओढली तर अख्खी बोटभर लांब निघाली. गरम हवा बाहेर जायला जागाच नव्हती, म्हणून तापून बंद पडायचा. मदरबोर्डला काहीसुद्धा झालेलं नव्हतं अण्णा! पंखा साफ, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवीन, आणि मिनिटाला ५४०० वेळा फिरणारी ती जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी वेगवान डिस्क. मी म्हटलं मोठीच टाका, तर तुम्हीच म्हणालात, "२५६ जीबी लई झालं मालक, पैसे पोरीच्या पुस्तकाला ठेवा."

आणि मग ते, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायलोय. रॅमचं पाकीट फोडलंत आणि स्वतः बसवायच्या ऐवजी पोरीच्या पुढं धरलंत. "घे अम्मा, तू लाव. आधी त्या पत्र्याला हात लाव, अंगातला करंट जाऊ दे. आता तिरकी घाल, खाच बघ, आणि दोन्ही कडेनं दाब. टक् वाजलं पाहिजे." पहिल्यांदा वाजलं नाही. मी पुढं व्हायला लागलो तर तुम्ही हातानंच मला थांबवलंत. दुसऱ्यांदा दोन्ही बाजूच्या क्लिपा बसल्या, टक्. पोरीनं वर बघितलं, ते तोंड मी विसरणार नाही. मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती, तुम्हाला घाई नव्हती का? होती. तरी दिलंत.

मग चालू होईस्तोवर तुम्ही तिला वडिलांच्या चादरीच्या मागाचं सांगत बसलात, नक्षी विणणाऱ्या जकार्डवर पुठ्ठ्याची कार्डं लागायची, भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली, कॉम्प्युटरचं पण तेच, एक आणि शून्य. कॉलेजात बायनरी पाठ केलेलं तिनं, पण समजलं ते तुमच्या दुकानात.

विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून दिलंत, त्यातलं हलकं असलेलं, एक्सएफसीई. फुकटचं, आणि तिचं सी, पायथन, जावा सगळं पळतंय त्याच्यावर. टॅली त्यात सरळ चालणार नाही हे पण आधीच सांगितलंत, नंतर कळून वैताग होऊ नये म्हणून. जुनी हार्ड डिस्क पेपरात गुंडाळून वर मार्करनं लिहून दिलीत, "फोटो आहेत, फॉरमॅट करू नये". गिऱ्हाइकाच्या घरचे फोटो कुणाला काय पडलेलं असतं हो? अशी माणसं आपल्या सोलापुरात आहेत, बोळाबोळात आहेत, बोर्ड लहान असतो एवढंच, आणि त्यांच्यामुळंच आमच्यासारख्यांची पोरं शिकायलीत. धंदा सगळेच करतात, करावाच, पण समोरच्याला माणूस म्हणून वागवून करणारा भेटला की चार दिवस छातीत बरं वाटतं.

आता लॅपटॉप कसा चालतोय म्हणाल तर दाबलं की चालू. उन्हाळ्याच्या आधी जाळी साफ करायची हे तिनं भिंतीवर लिहून ठेवलंय, स्क्रू ड्रायव्हर पण स्वतःचा घेतलाय. तिचा एक प्रश्न राहिलाय, डीव्हीडीच्या जागी जुनी डिस्क बसवायला कॅडी, म्हणजे ती डिस्क धरायची चौकट, किती जाडीची लागेल, ९.५ एमएम का १२.७? मी म्हटलं ऑनलाइन मागवू, तर नको म्हणाली, अण्णांकडूनच घ्यायची आणि मीच बसवणार. रविवारी दुकान उघडं असतं का तेवढं कळवा, येतो आम्ही दोघं. हिनं शेंगाची चटणी करून ठेवलीय तुमच्यासाठी, ती पण घेऊन येतो.