आवाहन : खाणीत पाणी भरण्याआधी लघुपट पुरा करायचा आहे

मंडळाचे सर्व सभासद, हितचिंतक आणि परगावी-परदेशी असलेले मित्रहो,
सप्रेम नमस्कार.

ऊसतोड कामगारांच्या मुलांवरचा आपला मागचा लघुपट तुमच्याच पैशांवर उभा राहिला, हे आधी लिहायला हवं. दोन निवृत्त शिक्षिकांनी पेन्शनमधून प्रत्येकी ५,००० रुपये दिले. मंडपवाल्या दादांनी जनरेटरचं एक पैसा भाडं घेतलं नाही. किराणा दुकानाच्या काकांनी आठवडाभराचा शिधा पोचवला आणि वर तेलाचा डबा ठेवून गेले. बचत गटाच्या भगिनींनी उन्हातान्हात घरोघर फिरून ११, २१, ५१ रुपये जमवले. त्यातल्या प्रत्येक रुपयाची पावती दप्तरात लावलेली आहे. साखरशाळांच्या (ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळांच्या) पटांगणात पडदा बांधून आपण तो दाखवला, मुलं पहिल्या रांगेत मांडी घालून बसली. हे श्रेय या सगळ्यांचं आहे.

पण हेही नोंदवतो, की इथल्या प्रदर्शनाला सभागृह भरलं, टाळ्या झाल्या, आणि पुढच्या कामासाठी वही फिरवली तेव्हा ती जवळजवळ कोरीच परत आली. मनाला लागलं. तरी पुन्हा तुमच्याच दारी आलो आहोत.

नवा लघुपट २० मिनिटांचा, दगडखाणीत राबणाऱ्या मुलांवर. पुण्यात वाघोलीच्या बाजूला गेलेल्या प्रत्येकाने रस्त्याकडेचे क्रशर, म्हणजे दगडाची खडी करणारी यंत्रं, पाहिलेले आहेत. आधी कातळाला ड्रिलने भोकं पाडतात, जिलेटीन भरून सुरुंग उडवतात, मग सुटलेला दगड घणाने फोडून क्रशरच्या जबड्यात मावेल एवढा डबर करतात आणि गाडी भरतात. हातफोडीची मजुरी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पैसे दिवसाचे नसतात, मापाचे असतात, म्हणून घरातला प्रत्येक हात मापाला लागतो, आठ वर्षांच्या पोराचासुद्धा. पावसाळ्यात खाण बंद पडली की मालकाकडून उचल घ्यायची आणि पुढच्या हंगामात ती फेडायची. शाळेत गेलेलं पोर म्हणजे लांबलेली फेड. मुलांना इजा होते ती बहुतेक ठरलेल्या जागी: डोळ्यात उडालेली कपची, सुरुंगानंतर कड्यावर सैल राहिलेला दगड, न उडालेला सुरुंग, आणि बंद खाणीत साचलेलं खोल पाणी. यंत्रं आली तिथे हातफोडी कमी झाली, पण जिथे उरली आहे तिथे मुलंही उरली आहेत.

कायदा नाही म्हणून हे चालतं असं कोणी म्हणू नये. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या १९५२च्या खाण कायद्याने लहान उघड्या खाणींना बहुतेक कलमांतून सूट दिली, पण १८ वर्षांखालच्यांना कामावर घेऊ नये हे कलम ४० त्या सुटीतून मुद्दाम वगळलं. त्या गुन्ह्याला त्याच कायद्यात दंड मात्र कमाल ५०० रुपये होता! बालमजुरी कायद्यात २०१६च्या दुरुस्तीने तो २० ते ५० हजार झाला, कैदही वाढली, आणि १४ ते १८ वयाच्या मुलांनाही खाणीत मनाई झाली. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच आपल्या पटकथेचा कणा आहे.

आता खर्च का वाढला ते सांगतो, कारण हा प्रश्न येणारच. बालमजुरीवरच्या चित्रपटासाठी मुलांना राबवणार नाही, हे कार्यकारिणीने ठरवलं आहे. दोन्ही मुलं खाणवस्तीतली, शाळेत जाणारी आहेत, घरात वडारी (वडार समाजाची बोली) बोलतात. संवाद वडारीत आणि मराठीत, खाली उपशीर्षकं. नियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मुलांचं काम दिवसाला ५ तासांपर्यंतच, सलग ३ तासांहून जास्त नाही. त्यामुळे तीन दिवसांचं चित्रण सहा दिवसांवर गेलं. शाळा बुडू नये म्हणून मे महिना, आणि उन्हामुळे सकाळी साडेसहा ते साडेअकरा. पण खाणीच्या तळाला नऊपर्यंत ऊन पोचत नाही आणि काळा कातळ उजेड पिऊन टाकतो. रिफ्लेक्टर आणि दिवे कमी पडले तर चेहरे काळेच येतील. मुलांच्या हातात घण रबराचा, दगड फोमचे. मुलं असताना जमिनीवर पाणी मारून धूळ बसवायची. पडद्यावर दिसणारी धूळ काळ्या पडद्यापुढे वेगळी चित्रित करून संकलनात चढवायची. शेजारच्या क्रशरच्या घरघरीत संवाद बुडतात, म्हणून दोघांच्या कपड्यांत वेगळे माइक आणि जागेवरच ध्वनिमुद्रक हवा. नंतर स्टुडिओत मुलांकडून तोच स्वर पुन्हा मिळत नाही.

हिशोब : कॅमेरा, लेन्स, दिवे ६ दिवस १,०८,०००, ध्वनिमुद्रण ५४,०००, रबरी-फोमचं सामान ३५,०००, दोन मुलांचं मानधन ३६,००० (कायद्याने किमान २० टक्के मुदत ठेवीत, आपण ५० टक्के ठेवणार), मुलांसोबत पूर्णवेळ शिक्षिका १२,०००, २८ जणांचं जेवण-प्रवास ६७,२००, टेम्पो, डिझेल ४८,०००, संकलन, रंगकाम, धुळीचे थर १,१०,०००, ध्वनिमिश्रण ४५,०००, उपशीर्षकं, सेन्सॉर, डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत) ३०,०००, राखीव २९,८००. एकूण ५,७५,०००. जमा २,१०,०००. हवेत ३,६५,०००, तेही १५ एप्रिलपर्यंत, कारण उपकरणांचं आगाऊ भाडं तेव्हा भरायचं आहे. जूनमध्ये खाणीत पाणी भरलं की दिवाळीनंतरही तळ उघडा होत नाही, आणि तोवर परवानगीसाठी मुलांबाबत दिलेल्या हमीपत्राची सहा महिन्यांची मुदत संपेल.

पैसे फक्त मंडळाच्या बँक खात्यावर. कोणाच्या वैयक्तिक नंबरवर पाठवू नयेत. पावतीसाठी नाव, पत्ता, पॅन कळवावा. देणगीवरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि रोखीने २,०००च्या वर दिल्यास मिळत नाही. परदेशातल्या मित्रांपैकी भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी बचतीतून बँकेमार्फत जरूर पाठवावं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून आपल्याला निधी घेता येत नाही, विदेशी निधीची नोंदणी नाही, कृपया गैरसमज नसावा. वस्तुरूपाने ताडपत्री ४, पाण्याचे २० लिटरचे जार रोज १०, थर्माकोलचे मोठे पांढरे तक्ते १२ आणि सहा दिवस एक टेम्पो हवा आहे. कार्यालय रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडं असतं, रविवारी सकाळीही.

आपला,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने