गुडघ्याची गोळी, बीपीचा आकडा

संपादक महोदय,

गुडघ्यांची झीज आणि रक्तदाब साठीनंतर बहुधा जोडीनेच येतात. वाढते वय आणि वाढलेले वजन दोन्हींना पोसते. पण मुंबईत या दोघांना जोडणारा आणखी एक दुवा आहे, आणि तो मेडिकलच्या काउंटरवर सापडतो. रेल्वेचे पूल चढून-उतरून गुडघे कुरकुरू लागले की ‘ती दुखण्याची गोळी द्या’ एवढे म्हटले तरी डायक्लोफिनॅक किंवा अॅसिक्लोफिनॅक हातात पडते. ही औषधे शेड्यूल ‘एच’मधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न देण्याची. चार गोळ्या कात्रीने कापून देताना पट्टीवरची सूचना पुष्कळदा दुकानातच राहते.

या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे सूज आणणारे शरीरातले रसायन तयार होऊ देत नाहीत, म्हणून सूज उतरते. मात्र मीठ-पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडाला तेच लागते. ते अडले की शरीरात पाणी साचते आणि बीपीचा वरचा आकडा सरासरी ३ ते ५ अंकांनी चढतो, काहींचा त्याहून बराच. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल आणि लघवी वाढवणाऱ्या, अशा बीपीच्या गोळ्यांचा जोर कमी पडतो. अॅम्लोडिपिन या बीपीच्या दुसऱ्या गोळीला त्यामानाने कमी फरक पडतो. मग बीपीच्या गोळीचा डोस वाढतो. दुखण्याच्या गोळीबद्दल कोणी विचारत नाही, कारण हाडांच्या डॉक्टरांची फाइल वेगळी आणि बीपीची वेगळी. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि पेनकिलर हे त्रिकूट तर जुलाब-उलट्यांत मूत्रपिंडावर अचानक घाला घालू शकते.

अॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. संध्याकाळी बोटाने दाबले की खळगा राहतो. ही सांध्याची सूज समजून पेनकिलर घेतली, तर पाणी आणखी साचते.

पॅरासिटामॉलही पूर्ण निर्धोक नाही. एडिनबरा येथील २०२२च्या अभ्यासात बीपीच्या रुग्णांना रोज ४ ग्रॅम (५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या) दोन आठवडे दिल्यावर वरचा दाब सुमारे ५ अंकांनी वाढला. अधूनमधून एखादी घेणे निराळे. पाण्यात फसफसणारी गोळी मात्र टाळावी. एकीतून साधारण एक ग्रॅम मिठाइतके सोडियम पोटात जाते.

गुडघ्यापुरते दुखणे असेल तर आधी डायक्लोफिनॅकचे जेल वापरून पाहावे. गोळीच्या मानाने रक्तात फार थोडे उतरते. ‘जेलचा उपयोग होत नाही’ ही तक्रार बहुधा वाटाण्याएवढे लावणाऱ्यांची असते. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा, असे आठवडाभर तरी लावावे लागते. पूर्ण मात्रेत ३० ग्रॅमची ट्यूब दोन-चार दिवसांतच संपते. खर्चिक आहे खरे. वर गरम शेक किंवा घट्ट पट्टी नको. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करताना श्वास रोखू नये, त्यानेही दाब उसळतो.

गोळी घ्यावीच लागली तर डॉक्टरांना विचारून, कमीत कमी दिवस. आणि सुरू करण्यापूर्वी व आठ-दहा दिवसांनी घरी बीपी मोजावे. पाच मिनिटे पाठ टेकून, पायावर पाय न टाकता, दंड छातीच्या पातळीवर ठेवून, न बोलता. सरासरी १३५/८५च्या वर जाऊ लागली तर दोन्ही फाइली एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

औषधविक्रेत्यांनीही पेनकिलर मागणाऱ्याला ‘चिठ्ठी आहे का?’ यासोबत ‘बीपीची कोणती गोळी चालू आहे?’ एवढे विचारावे, ही विनंती.

– एक फार्मासिस्ट, परळ, मुंबई