आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: ट्रेनिंग हॉस्पिटलच्या आतच द्या

मा. आरोग्यमंत्री महोदय,

नमस्कार. मी स्पेशल एज्युकेटर आहे. ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते. मागणी एकच आहे, या मुलांना सरकारी हॉस्पिटलमधे जॉब ट्रेनिंग द्या, आणि ते खऱ्या वॉर्डात, खऱ्या कामावर द्या. त्यासाठी वेगळं सेंटर बांधू नका.

आमच्या बऱ्याच मुलांना एका जागी शिकलेलं दुसरीकडे आपोआप जमत नाही हो. वर्गात ट्रॉली लावायला शिकवली तरी वॉर्डात गेल्यावर गर्दी, मशीनचे आवाज, औषधांचा वास, रॅकसुद्धा वेगळा, म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात. आणि शाळा संपल्यावर कार्यशाळेत वर्षानुवर्षं पाकिटं चिकटवत बसलेली तिशीतली माणसं मी बघते तेव्हा फार वाईट वाटतं, कायम ट्रेनिंगच चालू, नोकरी कधीच नाही.

हे कुठे झालेलंच नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९९६ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमधे प्रोजेक्ट सर्च नावाचा असाच ट्रेनिंगचा कार्यक्रम सुरू झाला. तिथल्या इमर्जन्सी विभागात सामान भरून ठेवायच्या कामावर माणसं टिकत नव्हती, सारखी सोडून जायची, तेव्हा विभाग सांभाळणाऱ्या नर्सबाईंनी विचार केला की हे काम विकासात्मक दिव्यांग तरुणांना नीट शिकवलं तर? आज ही पद्धत इतर देशांतही गेलीय. शाळेचं शेवटचं वर्ष हॉस्पिटलमधेच, रोज थोडा वेळ वर्ग आणि बाकी वेळ काम, वर्षात साधारण तीन वेगवेगळे विभाग, सोबत शिक्षक आणि जॉब कोच. कोच कामाचे बारीक तुकडे पाडून शिकवतो, आणि जमायला लागलं की हळूहळू मागे सरकतो. हे मागे सरकणं फार महत्त्वाचं आहे, नाहीतर मूल कोचकडे बघूनच काम करतं.

कामं तर ढीगभर आहेत. सीएसएसडीत, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागात, यादीप्रमाणे इन्स्ट्रुमेंटचे ट्रे लावणं, एक्सपायरी डेट बघून माल पुढेमागे करणं, लिनन मोजणं, व्हीलचेअर पुसणं, फाइली स्कॅन करणं. प्रत्येकाला सगळं जमणार नाही, कुणाला ट्रे आवडतील, कुणाला माणसांत राहायला आवडेल, म्हणून तर तीन विभाग.

"चूक झाली आणि पेशंटला काही झालं तर?" हा प्रश्न येणार, आणि तो रास्तच आहे. पण सीएसएसडीत कुणाचंही काम तपासल्याशिवाय पुढे जात नाही, ट्रेची यादी असते, निर्जंतुकीकरण झालं का ते दाखवणारी इंडिकेटर पट्टी असते. तीच तपासणी या मुलांच्या कामालाही लागू होईल.

एक भीती मात्र स्पष्ट सांगते. ट्रेनिंगच्या नावाखाली फुकट राबवून घेणं नको. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात कलम २७ आहे, त्यात समान कामाला समान मोबदला आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या ठिकाणी काम करायचा हक्क लिहिलाय. त्यामुळे ट्रेनिंगला मुदत ठरवा आणि पुढच्या पगारी जागा आधीच मंजूर करा.

सुरुवात एका हॉस्पिटलपासून झाली तरी चालेल. तिथल्या मेट्रन आणि स्टोअरच्या सुपरवायझरला विचारा की कुठल्या जागा सारख्या रिकाम्या होतात, त्यांनी दिलेल्या यादीवरून आम्ही स्पेशल एज्युकेटर कामाला लागू.

आपली,
एक स्पेशल एज्युकेटर