आईच्या हातचं मीठ

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. आमच्यासारखी घरं आणखी असणार.

बाबा 41व्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्याआधी काका, त्याही आधी आजोबा. घर एकत्र, चूल एक आणि स्वयंपाक आईचा. त्यामुळे दर वेळी बोल तिलाच लागला : "हिच्या हातालाच मीठ जास्त." आत्या तर चारचौघांत म्हणायची. मग 26व्या वर्षी माझाच बीपी 170/110 निघाला. तीन गोळ्या चालू होत्या, तरी उतरेना. जिथे जावं तिथे एकच ऐकायचं, टेन्शन घेऊ नका, लोणचं-पापड बंद करा.

तुम्ही आधी घरातल्या माणसांबद्दल विचारलंत. केसपेपर उलटा करून पुरुषांना चौकोन, बायकांना गोल काढत गेलात आणि ज्यांना बीपी होता ते बॉलपेनने भरलेत. आत्याचा गोलही काळा झाला. मग आईकडे वळून म्हणालात, "ताई, बघा, तुमच्या माहेरचा एकही चौकोन काळा नाही." आई त्या कागदाकडे किती तरी वेळ बघत राहिली.

रक्तात पोटॅशियम 2.9, म्हणजे कमी होतं. बीपी वाढवणारं रेनिन कमी, किडनीला मीठ धरून ठेवायला लावणारं अल्डोस्टेरॉन हे हार्मोनही कमी. जनुकाच्या तपासणीत लिडल सिंड्रोम पक्का झाला. बहुतेकांच्या बीपीमागे शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, आमच्या घरात मात्र एकट्या जनुकाने हे केलं, हे तुम्ही आईला समजेल अशा शब्दांत सांगितलंत. किडनीतली सोडियमची दारं बंदच होत नाहीत, शरीर मीठ धरून ठेवतं. ग्रँट लिडल यांनी 1963 साली हा आजार मांडला. त्यांच्या त्या पहिल्या रुग्ण बाईंना पुढे दुसऱ्याची किडनी बसवल्यावर बीपी आणि पोटॅशियम दोन्ही ताळ्यावर आले, ही गोष्ट आईला फार पटली. दोष किडनीत होता, तिच्या स्वयंपाकघरात नव्हता. मीठ कमी करायचंच आहे, ते तुम्ही बजावलंत आणि आम्ही पाळतोय.

आधी दिलेल्या स्पायरोनोलॅक्टोनचा उपयोग का झाला नाही, तेही तेव्हा कळलं. ती गोळी अल्डोस्टेरॉनला अडवते आणि माझ्यात ते मुळातच कमी. मग तुम्ही दिलेली अमिलोराइडची गोळी थेट किडनीतली ती दारंच बंद करते. आता बीपी 124/80 असतो.

तरुण वयात बीपी, घरात अनेकांना तोच त्रास आणि पोटॅशियम कमी, असं दिसलं तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा, एवढंच वाचणाऱ्यांना कळकळीने सांगतो.

आत्याला मी तो कागद दाखवला. ती काही बोलली नाही. संध्याकाळी आमच्याकडे आली आणि आईच्या हातची भाकरी-आमटी जेवून गेली.

प्रत्येक मुलात हे उतरण्याची शक्यता निम्मी, असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून येत्या मंगळवारी तिच्या मुलाला घेऊन येतोय. त्याचे जुने रिपोर्ट आईनेच शोधून पिशवीत भरून ठेवलेत.

तुमचा कायमचा ऋणी,
एक पेशंट