परवाच्या फोनवरून उरलेलं

दांडिया बाजार, बडोदा

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला कुठलाही सिनेमा आवडतो." तेवढ्यात दारात दूधवाला आला आणि बोलणं राहून गेलं. पण तसं नाही गं. सिनेमा मारामारीचा असो, भुताचा असो की विनोदी, मी आधी बघतो की समोरच्या माणसाला हवंय काय. अर्ध्या तासात ते कळलं नाही, तर पडद्यावर कितीही गाड्या उडोत, माझं लक्ष घड्याळाकडे.

'अशी ही बनवाबनवी' (1988) घे. त्या चौघांना पुण्यात राहायला जागा हवी आहे, बस्स. जागा हातची जाईल ही धास्ती खरी आहे, म्हणून जागेसाठी बाईचं सोंग घेतलेला लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरतो तेव्हा हसू फुटतं. तुझ्यासाठी खोली शोधत आपण सदाशिव पेठेत चार दिवस जिने चढलो, आठवतं? तिसऱ्या रात्री लॉजवर मोबाइलवर हाच लावला होता. दिवसभर तू गप्प होतीस, आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलीस.

'शोले' (1975) म्हटलं की सगळे गब्बरचं बोलतात. मला आठवते ती राधा, वरच्या मजल्यावर एकेक दिवा मालवणारी, आणि खाली माउथ ऑर्गन वाजवणारा जय. कुणी अक्षर बोलत नाही. शेवटची हाणामारी मात्र मला लांबल्यासारखी वाटते.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009) आवडायला आणखी एक कारण आहे, ज्यांच्या पहिल्या सिनेमाची ती गोष्ट आहे ते दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. कुंडीतलं मटारचं रोप कसं वाढतं ते कॅमेऱ्यानं टिपत बसलेला माणूस, आणि त्याच्या पाठीशी उभ्या त्याच्या पत्नी सरस्वतीबाई! त्या घराला काय हवंय ते विचारावंच लागत नाही.

'तुंबाड' (2018) बघताना आईनं मध्येच उठून घरातले सगळे दिवे लावले. तो सततचा पाऊस, सोन्याच्या नाण्यांवर बसलेल्या हस्तर राक्षसासाठी नेलेली कणकेची बाहुली... मला हस्तरची भीती नाही वाटली. ती नाणी चोरणारा विनायक स्वतःच्या पोराला त्याच कामात तयार करतो, तिथं अंगावर काटा आला. बापाची हाव पोराच्या तोंडून बोलायला लागते. याउलट 'श्वास'मधले आजोबा. नातवाचे डोळे जाणार, ते टळणार नाही, म्हणून ऑपरेशनच्या आधी त्याला शहर दाखवायला घेऊन जातात. अरुण नलावडे त्यात कुठंही मोठ्यानं रडत नाहीत, आणि मी मात्र रडलो होतो.

'सैराट' (2016) आपण दोघांनी थिएटरात पाहिला. तू नववीत होतीस. दुसऱ्या जातीच्या परशाशी पळून जाऊन संसार मांडलेल्या आर्चीच्या माहेरची माणसं आहेर घेऊन दारात येतात, ती त्यांच्यासाठी चहा टाकते. तिला काय हवं होतं? आईचा आवाज आणि आपलं घर, एवढंच. तीच माणसं दोघांचा जीव घेतात. मग त्यांचं लहान मूल बाहेर येतं आणि पडद्यावरचा आवाजच बंद होतो. तू माझा हात घट्ट धरलास. बाहेर आल्यावर सुरसागर तलावापर्यंत आपण एक शब्द बोललो नाही. मी तेव्हा आर्चीच्या बापाचा विचार करत होतो. लेक काय मागते आहे हे त्याला कधी ऐकूच आलं नसेल का?

म्हणून हे पत्र. गेल्या महिन्यात तू दोनदा "बाबा, एक सांगायचंय" म्हणालीस आणि दोन्ही वेळा "जाऊ दे, नंतर" म्हणून फोन ठेवलास. मी विचारलं नाही, चुकलं माझं. आता विचारतो. कोण आहे तो? काय करतो? त्याच्याबरोबर घर मांडायचं तुझ्या मनात आहे का? जात-पात मी विचारणार नाही. आईशी मी बोलतो, ते माझ्यावर सोड.

दिवाळीला येताना त्यालाही घेऊन ये. चहा मी करीन.

तुझा,
बाबा