तारीख चुकली म्हणजे बेफिकिरी नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातली त्वचारोगाच्या रुग्णांवरची बातमी वाचली. सोरायसिस, इसब, कोड असलेले लोक दिलेल्या तारखेला दवाखान्यात येत नाहीत, उपचार अर्धवट सोडतात आणि त्याला कारण त्यांची बेफिकिरी, असा एकूण सूर. बातमीदारांनी एकाही रुग्णाला विचारलेलं दिसत नाही. माझ्या अक्काला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

अक्का सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळते. तिच्या तळहातांना सोरायसिस आहे. मजुरी हजारामागे. वळलेल्या विड्या सकाळी कारखान्यात द्यायच्या आणि केसपेपरची रांगही सकाळीच. एका बाईने दोन्हीकडे कसं पोचावं? हात फुटले की विड्या कमी होतात, छाट, म्हणजे नापास ठरणाऱ्या विड्या, जास्त निघते, म्हणजे आधीच मार बसलेल्या आठवड्यात आणखी एक खाडा. आणि हात बरे असले की घरचेच म्हणतात, आता कशाला जातेस?

तरीही ती जायची. मध्ये एक तारीख चुकली. पुढच्या वेळी गेली तर टेबलावरच्या तरुण डॉक्टरांनी भरल्या ओपीडीत आवाज चढवला, "मागच्या महिन्यात कुठं होतीस? आता एवढं वाढवून आलीस!" नातवंडं असलेल्या बाईला हे "तू"! शेजारच्या बाकावरची बाई तिचे हात बघून पदर नाकाला लावत लांब सरकली. सोरायसिस शिवल्याने लागत नाही, एवढं एक वाक्य डॉक्टरांनी त्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत. अक्का औषध न घेताच परतली आणि त्यानंतर तिने दवाखान्याचं नाव काढलं नाही.

मग मेडिकलमधून ट्यूब. दुकानदाराने चिठ्ठी विचारलीच नाही. स्टिरॉइडची मलमं केंद्र सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत घातली, तरी आमच्या गल्लीत ती बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळतात. लावलं की हात स्वच्छ, थांबवलं की आधीपेक्षा जास्त.

तारीख महत्त्वाची नाही असं मी मुळीच म्हणत नाही. अक्काला सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेटची गोळी होती. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय यकृत आणि रक्तपेशींसाठी वेळोवेळी रक्त तपासावं लागतं. तारीख चुकली की तीही तपासणी चुकते. मग इतकी जोखमीची गोळी चालू असलेला रुग्ण आला नाही, तर दवाखान्यातून एक फोन का जात नाही? विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळची ओपीडी का नाही? मशीनखाली उभं राहून घ्यायचे प्रकाशोपचार आठवड्यातून दोन-तीन वेळा, महिनोन् महिने लागतात. करमाळा-सांगोल्याच्या माणसाने त्यासाठी एसटीने सोलापूर किती वेळा गाठायचं? आणि दर खेपेला नवे डॉक्टर, पुन्हा "हे कधीपासून?" पासून सुरुवात.

आणखी एक गोष्ट, ती थेट तुमच्याशी संबंधित आहे. त्याच अंकात छोट्या जाहिरातींमध्ये पांढरे डाग मुळापासून घालवण्याची हमी देणारी जाहिरात होती. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात ज्या आजारांवर अशा जाहिराती करायला मनाई आहे, त्यांत कोड आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने अशाच एका जाहिरातीतल्या नंबरवर पैसे पाठवत दवाखाना सोडला. त्याचीही गणती तुम्ही बेफिकिरांत केलीत. या जाहिराती कधीपासून बंद करणार, ते कृपया याच सदरात छापावे.

आपला,
पूर्व भागातील एक वाचक, सोलापूर